फवारणीचं विष आणि श्वासाची वाट
2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली की फवारा तोंडावरच येतो. नाकातले केस आणि चिकट श्लेष्मा जाडी धूळ अडवतात. बारीक तुषार मात्र स्वरयंत्र ओलांडून श्वासनलिकेत उतरतात. ही नळी दुभंगते, तिला फाट्यांवर फाटे फुटत जातात आणि शेवटी येतात कोट्यवधी वायुकोश. त्यांची भिंत इतकी पातळ, की प्राणवायूबरोबर विषही रक्तात शिरतं. घामेजल्या कातडीतून तर ते मुरतंच.

मोनोक्रोटोफॉससारखं फवारणीचं औषध नसांकडून स्नायूंना मिळणारा निरोप थांबवणारं विकर बंद पाडतं. मग श्वासनलिका आवळतात, स्रावानं भरतात, श्वासपटल लुळं पडतं. उतारा म्हणून दिलेलं अ‍ॅट्रोपिन स्राव आटवतं. लुळ्या श्वासपटलावर मात्र त्याची मात्रा चालत नाही, तिथे व्हेंटिलेटरच लागतो.

तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्यावर भिस्त ठेवू नका. ओला झाला की तोच विष नाकाशी धरून ठेवतो. लाळ गळू लागली, छाती घरघरली, नजर अंधुक झाली, तर कपडे काढा, साबणानं अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.