सही नको, प्रश्न पाठव

व्याख्यान संपायचा अवकाश, की पोरं व्यासपीठाकडे धावायची. कुणाच्या हातात वही, कुणाच्या हातात फाडलेला चिठोरा. ‘सर, सही!’ खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर तशी सही देत नसत. घरी जाऊन पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, असं ते सांगत. उत्तर येई, आणि उत्तराखाली सही.

एखाद्या गोष्टीच्या नादाने वेडावलेल्या अशा पोरांसाठी कोल्हापूरकडे झकास शब्द आहे: नादखुळा. नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचाच, १९३८चा. १९८८ साली पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधनसंस्था स्थापन झाली ती त्यांच्या पुढाकाराने. काम विद्यापीठांतल्या संशोधकांसाठी. पण महिन्याचा दुसरा शनिवार शाळकरी नादखुळ्यांचा. मास्तर-बाईंबरोबर रांगेने आलेली मुलं चंद्रशेखर सभागृहात बसतात. एकच विषय एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठी किंवा हिंदीत रंगतो. नंतर मुलांचे हात वर जातात, आणि खरा कार्यक्रम तिथे सुरू होतो.

चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या त्या वास्तूत उत्तरं सभागृहाबाहेरही भेटतात. मुख्य इमारतीत फूकोचा लंबक आहे. लांब तारेला टांगलेला जड गोळा सावकाश झुलत असतो. मुलाने त्याची रेघ डोळ्यांत धरावी, दीड तासाने परत यावं: रेघ सुमारे सात अंशांनी सरकलेली! लंबकाला कुणी हात लावलेला नसतो. खालची पृथ्वी फिरलेली असते. ध्रुवावर ही रेघ एका दिवसात पुरी फेरी मारील. पुण्याच्या अक्षांशावर तिला तीन दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. का, हा पुढच्या पोस्टकार्डाचा प्रश्न.

नावापेक्षा मजकूर मोठा, हा नारळीकरांचा हट्ट जुना होता. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. जयंत विष्णू नारळीकरांची आद्याक्षरं उलटी वाचली की हे गृहस्थ तयार होतात. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून दिली पत्नी मंगलाताईंनी. त्या स्वतः गणितज्ञ. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. ज्याने आपलं नाव झाकून कथा तपासून घेतली, तो पोरांना नुसतं नाव कशाला वाटेल?

पण पोस्टकार्डाची खरी करामत पुण्याबाहेर. नसरापूरवरून वेल्ह्याकडे जाताना मार्गासनीच्या पुढे विंझर लागतं. तिथल्या मुलाला दुसरा शनिवार गाठायचा तर एसटीने स्वारगेट, तिथून पुन्हा विद्यापीठाची बस, आणि परतीची गाडी चुकली तर घरी बोलणी. प्रश्न मात्र गावातच उगवतात. तोरणा किल्ल्याआड चंद्र गेला की इथे मावळला म्हणायचा, पण पुण्यातल्या मावशीला तो अजून दिसत असेल का? दिसेल, क्षितिज ज्याचं त्याचं असतं. एवढं विचारायला एक कार्ड पुरे, आणि उत्तरालाही तेवढीच जागा. म्हणून उत्तर आटोपशीर, पाल्हाळाला वाव नाही.

शिवाय पोस्टकार्ड उघडं असतं. अशा गावात कार्ड आलं, की आधी पोस्टमन वाचणार, मग गुरुजी वर्गात वाचून दाखवणार, संध्याकाळी पारावर चुलते पुन्हा वाचायला लावणार. कुणीतरी ‘असं कसं?’ म्हणणार. ना कॅमेरा, ना सूत्रसंचालक, तरी गप्पांचा कार्यक्रम सुरू.

२० मे २०२५ला नारळीकर गेले. पोस्टकार्डंही आता क्वचितच दिसतात. पारावरचं ते ‘असं कसं?’ मात्र कुणाच्या सहीसाठी अडून राहत नाही.