वातोचे सितेर-चित्र : शीर्षकातील शब्द आणि चित्राचा अर्थ

आंत्वान वातो (१६८४–१७२१) या फ्रेंच चित्रकाराने २८ ऑगस्ट १७१७ रोजी पॅरिसच्या राजाश्रित चित्र-शिल्प अकादमीस सादर केलेले एक चित्र आज लूव्र संग्रहालयात आहे. रोकोको शैलीच्या उदयकाळातील ही प्रातिनिधिक कृती होय. रेशमी वस्त्रे परिधान केलेली उमरावांची जोडपी उपवनात विहार करीत आहेत. काहींच्या हाती यात्रेकरूंचे दंड आहेत. उजवीकडे गुलाबांनी वेढलेली व्हीनसची मूर्ती, डावीकडे उताराखाली नाव आणि तिच्यावर घिरट्या घालणारे बालरूप मदन असा देखावा आहे. सितेर हे व्हीनसचे बेट. ही मंडळी तिकडे निघाली आहेत की तेथून परतत आहेत, हा या चित्रासंबंधीचा मुख्य वाद आहे.

वातोने याच विषयावर काढलेल्या दुसऱ्या चित्रावरून १७३३ मध्ये तार्दिय याने मुद्राचित्र कोरले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘सितेरकडे प्रस्थान’ असा होतो. हेच नाव पुढे मूळ चित्रासही चिकटले आणि ‘जाणे’ हा अर्थ गृहीत धरला गेला. १९६१ मध्ये मायकेल लीव्ही यांनी त्यास हरकत घेतली. मूर्ती येथेच आहे, तिला पुष्पे वाहून झाली आहेत, जोडपी जुळली आहेत; अर्थात ही मंडळी बेटावरच असून आता निघत आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते.

अकादमीच्या इतिवृत्तात मात्र प्रथम ‘सितेर बेटाची यात्रा’ अशा अर्थाची नोंद झाली होती. पुढे ती खोडून ‘फेत गालांत’, म्हणजे शृंगारिक विहारोत्सव, असे लिहिले गेले. या मूळ नोंदीतील ‘आ’ हे फ्रेंच शब्दयोगी स्थल आणि दिशा दोन्ही दर्शविते. मराठीतील ‘ला’ प्रत्ययाचेही तसेच आहे : ‘अकोल्याला राहतो’, ‘अकोल्याला जातो’. वऱ्हाडी बोलीतील ‘अकोल्याले’ हे रूपही ही दोन्ही कामे करते.

‘यात्रा’ या शब्दाची व्याप्ती तर याहून बोलकी आहे. अमरावती जिल्ह्यात बहिरमची यात्रा ‘भरते’. अकोल्यात श्रावणात पूर्णेचे जल घेऊन राजराजेश्वराकडे कावड यात्रा ‘निघते’. एकीत स्थानावरील मेळा प्रधान, दुसरीत मार्गक्रमण. शिवाय यात्रेस गेलेला मनुष्य परतीच्या वाटेवरही यात्रेकरूच असतो. ‘प्रस्थान’ हा शब्द एकच क्षण निवडतो. ‘यात्रा’ समग्र कृती सामावून घेते.

चित्राची रचनाही याच दिशेने बोलते. पहिली स्त्री मूर्तीजवळ अद्याप बसलेली, दुसरी हात धरून उठत असलेली, तिसरी चालू लागलेली, पण मागे वळून पाहणारी. मूर्तीपासून नावेपर्यंतचा हा क्रम लीव्ही यांच्या मतास पुष्टी देतो. परंतु त्यात जाणे, रमणे आणि निरोप यांची सलग साखळीही आहे. मागे वळलेल्या त्या दृष्टीतील हुरहूर केवळ प्रस्थानाच्या कल्पनेने उलगडत नाही. यास्तव मुद्राचित्राचे शीर्षक मूळ चित्रास लावणे हीच अर्थनिर्णयातील पहिली चूक ठरते. चित्राचा अर्थ लावण्यापूर्वी त्याचे नाव कोणी व केव्हा दिले, हे तपासणे म्हणूनच आवश्यक आहे.