बारावीनंतर नाटक करायचे आहे : महाविद्यालय निवडताना काय पाहावे

दरवर्षी निकाल लागले की मंडळात एक तरी घर हा प्रश्न घेऊन येते. मुलगा किंवा मुलगी लहानपणापासून आपल्या गणेशोत्सवातल्या नाटकात काम करत आलेली असते. आधी झाडाच्या मागे उभे राहण्याचे काम, मग दोन वाक्ये, मग एक दिवस मुख्य भूमिका. आपण सगळे टाळ्या वाजवतो, "काय छान करते हो पोर" म्हणतो. मग तीच पोर बारावीनंतर म्हणते, मला नाटकच करायचे आहे. आणि घरात शांतता पसरते.

हा लेख त्या शांततेसाठी आहे. तीन वर्षांपूर्वी आपल्यातल्याच एका घराने मुलीला लांबच्या एका मोठ्या खाजगी विद्यापीठात घातले. माहितीपत्रकात भव्य प्रेक्षागृहाचा फोटो होता, खाली 'रंगमंचाच्या अमर्याद संधी' असे लिहिले होते. बाबांनी शुल्कासाठी कर्ज काढले. पहिल्या दोन वर्षांत ती त्या रंगमंचावर एकदाच गेली, तीही पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला. नाटक बसवायचे ते बाहेरून बोलावलेले दिग्दर्शक, आणि भूमिका मिळायच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना. मुलीची चूक नव्हती, आईबाबांचीही नव्हती. काय विचारायचे असते हेच कोणी त्यांना सांगितले नव्हते. आम्हीही नाही. म्हणून ज्या घरांतली मुले बाहेर शिकून आली त्यांच्याशी बोलून, आणि आम्हाला ठाऊक आहे ते जोडून, हे लिहीत आहोत.

आपल्या देवासला जशा थोरली आणि धाकटी अशा दोन पाती होत्या, तशा नाटकाच्या शिक्षणालाही आहेत. एक म्हणजे नाटक हाच विषय घेऊन पदवी. दुसरी म्हणजे पदवी दुसऱ्या विषयाची, इतिहासाची, मानसशास्त्राची, अगदी वाणिज्याची, आणि नाटक त्याच आवारात, तासांनंतर. आईबाबा बहुतेक वेळा पहिलीचाच विचार करतात आणि घाबरतात. पण मराठी रंगभूमीचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहिला तर दुसरी पाती काही कमी राज्य करून गेलेली नाही.

16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक जब्बार पटेल डॉक्टर, नाना फडणवीस झालेले मोहन आगाशेही डॉक्टर, दोघेही बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे. 'महानिर्वाण' लिहिणारे सतीश आळेकर जीवरसायनशास्त्र शिकलेले. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर होते, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी हे पुण्याच्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयातून, म्हणजे बीएमसीसीतून, आलेले. ताळेबंद शिकता शिकता त्यांनी एकांकिका केल्या. म्हणजे महाविद्यालयाच्या नावात कला आहे की वाणिज्य, यावर काही ठरत नाही. ठरते ते तिथे तालमी होतात की नाही यावर.

पुण्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्यापैकी बहुतेकांचे नातेवाईक तिथे आहेत आणि इंदूरहून रात्रीची बस सकाळी पोहोचवते. तिथल्या महाविद्यालयीन नाटकाचा कणा म्हणजे पुरुषोत्तम करंडक. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. भरत नाट्य मंदिरात "अरे, आवाज कुणाचा" अशी आरोळी उठते ती हीच. या स्पर्धेमुळे फर्ग्युसन, स. प., बीएमसीसी, गरवारे आणि कितीतरी अभियांत्रिकी महाविद्यालयांत दर पावसाळ्यात एक संघ उभा राहतो. जुने विद्यार्थी नोकरीवरून संध्याकाळी तालमीला येतात, नव्यांना आवाज कसा टाकायचा हे शिकवतात, रागावतात, चहा पाजतात. शिक्षण खरे इथे होते, आणि त्याला शुल्क नाही. कस किती लावला जातो तेही पाहा. 2022 साली एकही एकांकिका त्या तोडीची वाटली नाही म्हणून परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नव्हता. पुष्कळ आरडाओरडा झाला, पण आम्हाला तरी त्यात त्या स्पर्धेची पत दिसली. याच शहरात फिरोदिया करंडकही असतो. त्यात नाटकाबरोबर गाणे, नाच, चित्रकला असे सगळे एकाच प्रयोगात गुंफावे लागते. ज्याला अभिनयापेक्षा तबल्यात किंवा रंगांत गती आहे, त्या मुलासाठी ती जागा जास्त चांगली.

एक व्यावहारिक गोष्ट. पुरुषोत्तमच्या प्राथमिक फेऱ्या सहसा ऑगस्टमध्ये असतात, म्हणजे संघाची निवड जुलैतच होते. राहण्याची सोय, स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रतेचे कागद यांत अडकून मूल ऑगस्टच्या मध्यावर पोहोचले, तर ते वर्ष प्रेक्षकांत बसून जाते. मध्य प्रदेश मंडळाची किंवा सीबीएसईची बारावी करून महाराष्ट्रात जाणाऱ्यांनी हे कागद निकालाच्याच आठवड्यात मागवावेत. शिवाय तिथल्या महाविद्यालयांत त्यांच्याच अकरावी-बारावीच्या मुलांना सहसा आधी जागा मिळते, त्यामुळे एकाच नावावर अडून राहू नये.

आता थोरली पाती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र नाटकात तीन वर्षांची पदवी देत आले आहे. आळेकर तिथे बरीच वर्षे संचालक होते. मुक्ता बर्वे इथल्याच. प्रवेशासाठी चाचणी द्यावी लागते, जागा थोड्या असतात, आणि खर्च सरकारी विद्यापीठाचा. अभिनयच नव्हे तर प्रकाश, नेपथ्य, वेशभूषा, नाटकाचा इतिहास असे सगळे शिकावे लागते. ज्याला फक्त टाळ्या हव्या असतात तो इथे कंटाळतो, ज्याला नाटक हवे असते तो रमतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही नाट्यविभाग आहे. आपल्याला ते पुण्यापेक्षा जवळ, आणि मराठी कुटुंबांना परके मुळीच नाही. आपल्याच प्रांतात ग्वाल्हेरचे राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठ आहे, भोपाळला 2011 पासून मध्य प्रदेश नाट्य विद्यालय आहे. छत्तीसगडात खैरागढचे इंदिरा कला संगीत विद्यापीठ आहे, 1956 पासूनचे. यांची नावे आपल्याकडे फारशी घेतली जात नाहीत, ती घेतली जावीत.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत 'लिबरल आर्ट्स' हा शब्द आला. अर्थ साधा आहे : एक मुख्य विषय आणि त्याबरोबर दुसऱ्याच शाखेतले विषय, म्हणजे अर्थशास्त्राबरोबर नाटक किंवा संगणकाबरोबर संगीत. सोनीपतचे अशोका, पुण्याजवळचे फ्लेम ही यातली माहितीतली नावे. शिक्षक चांगले असतात, वर्ग लहान असतात, मूल इंग्रजीत विचार करू लागते. पण राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च दहा लाखांच्या घरात किंवा वर जातो. नाटकाच्या धंद्यात सुरुवातीची पाच-सात वर्षे हप्ता फेडण्याइतके उत्पन्न होत नाही, हे कोणीही अनुभवी नट सांगेल. आमचे स्पष्ट मत आहे की केवळ नाटकासाठी एवढे कर्ज काढू नये. आर्थिक मदत मिळत असेल, ती अशा ठिकाणी मिळतेही, तर अर्ज जरूर करावा. पण मदतीचे पत्र हातात आल्यावर होकार द्यावा, आधी नाही.

दिल्ली विद्यापीठाचा रस्ता पुष्कळांना ठाऊकच नसतो. तिथल्या हिंदू, रामजस, मिरांडा हाउस, किरोडीमल अशा महाविद्यालयांच्या नाट्यमंडळ्या जोरदार आहेत. त्यांचे पथनाट्य तर पाहण्यासारखे असते. प्रवेश 2022 पासून सीयूईटी परीक्षेवर होतो, पण अभ्यासेतर कलांसाठी काही जागा वेगळ्या असतात आणि त्यांत नाटक आहे. तिथे प्रमाणपत्रे आणि प्रत्यक्ष चाचणी दोन्ही पाहतात. सरकारी शुल्क, हिंदी-इंग्रजी वातावरण, म्हणून मराठी लिहिता-वाचता न येणाऱ्या आपल्या मुलांनाही ते सोयीचे.

भाषेचा विषय निघालाच आहे तर तेही बोलून टाकू. आपल्या मुलांच्या मराठीला माळव्याचा हेल आहे. पुण्यात पहिल्याच वाचनाला कोणीतरी हसते. एक मुलगा आम्हाला म्हणाला, "काका, मी महिनाभर तालमीत तोंडच उघडलं नाही." नंतर त्याच संघाने माळव्यातल्या एका पात्राची एकांकिका केली आणि तो हेल सगळ्यांना त्याच्याकडून शिकावा लागला. उच्चार सुधारता येतात. दोन भाषांत सहज वावरणारे कान मात्र विकत मिळत नाहीत, आणि हिंदी रंगभूमीचे दार आपल्या मुलांना उघडेच असते.

त्या दारामागे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. 1959 साली स्थापन झालेल्या या संस्थेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम शिष्यवृत्तीसह असतो. प्रवेशासाठी लागते ती कोणत्याही विषयाची पदवी आणि किमान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभव. हे नीट लक्षात घ्यावे. पदवी नाटकाचीच हवी असे तिथेही नाही. म्हणून घरात भांडण होत असेल, बाबा बी.कॉम. म्हणत असतील आणि मुलगी नाटक म्हणत असेल, तर दोघांचेही म्हणणे तीन वर्षे एकत्र नांदू शकते. अट एकच, त्या तीन वर्षांत सहा नाटके व्हायला हवीत. ती कुठे होतील, हा खरा निवडीचा प्रश्न.

ती देवासमध्ये राहूनही होऊ शकतात. आपल्या के. पी. महाविद्यालयातून युवा उत्सवात एकांकी, प्रहसन, मूकाभिनय यांत उतरता येते. महाविद्यालय, जिल्हा, विद्यापीठ, राज्य अशा पायऱ्या आहेत. इंदूर तासाभरावर आहे, तिथे बाबा डिके यांच्या 'नाट्य भारती'पासूनची मराठी नाटकाची परंपरा आहे आणि 'सानंद'मुळे महाराष्ट्रातली नवी नाटके पाहायला मिळतात. मल्हार स्मृती मंदिर तर घराशेजारीच. ज्या घराला आत्ता बाहेरचा खर्च झेपत नाही, त्याने मनाला लावून घेऊ नये. पदवी इथे करून पुढचे प्रशिक्षण बाहेर घेणे हा कमीपणाचा मार्ग नाही.

बाहेर जायचेच असेल तर प्रवेशाआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलावे. प्राध्यापकांशी नव्हे, कार्यालयाशी तर नव्हेच. त्याला विचारावे, मागच्या वर्षी किती नाटके झाली आणि त्यांत पहिल्या वर्षाची मुले किती होती. दुसऱ्या शाखेच्या मुलांना घेतात का. दिग्दर्शन कोण करते. तालमीला जागा मिळते की जिन्याखाली उभे राहावे लागते. तालमीमुळे तास बुडाले तर हजेरीचे काय होते. पंच्याहत्तर टक्क्यांच्या नियमात सवलत देणारी महाविद्यालये आहेत आणि परीक्षेला बसू न देणारीही आहेत. उत्तर देताना तो विद्यार्थी अडखळला तर समजून घ्यावे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. तालमी रात्री दहा-साडेदहापर्यंत चालतात आणि वसतिगृहाचे फाटक बहुतेक ठिकाणी त्याआधी बंद होते. चांगल्या महाविद्यालयात मिळालेली भूमिका या एका कारणावरून सोडावी लागलेल्या दोन मुली आमच्या ओळखीत आहेत. नाट्यमंडळाच्या पत्रावर उशिरा येण्याची परवानगी मिळते का, परत सोडायला कोण येते, हे आईने स्वतः विचारावे. लाजू नये. आत्या-मावशीचे घर पुण्यात असेल तर त्यांनाही तालमीच्या वेळा आधीच सांगून ठेवाव्यात, नाहीतर तिसऱ्याच दिवशी देवासला फोन येतो.

शेवटी कागदांबद्दल. दिल्लीची चाचणी असो वा राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अर्ज, काम केल्याचा पुरावा लागतो. आपल्या गणेशोत्सवातल्या नाटकांच्या निमंत्रणपत्रिका, फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणे फेकू नयेत, तारखेसह जपून ठेवावीत. ज्यांनी मंडळाच्या नाटकांत काम केले आहे त्यांना नाटकाचे नाव, भूमिका आणि प्रयोगाची तारीख लिहून प्रमाणपत्र द्यायचे कार्यकारिणीने ठरवले आहे. जुन्या वर्षांसाठीही ते मिळेल. फक्त त्या वर्षीची पत्रिका किंवा फोटो सोबत आणावा, कारण आमच्याकडच्या नोंदी काही वर्षांच्या अर्ध्याच आहेत.