गळ अडकतो तिथेच मासा असतो!

धरणाच्या पाण्यात बुडालेल्या काटेरी झुडपांत मरळ दडून बसते आणि नेमका तिथेच हौशी माणसाचा गळ अडकतो. जिवंत आमिष कसे लावावे आणि कसे सोडावे, म्हणजे गळ तुटत नाही, दोरा पाण्यात राहत नाही आणि जिवावरही बेतत नाही, याविषयी थोडेसे.

सुटीचा दिवस. पहाटे घरातून निघून बाप-लेक धरणाच्या फुगवट्यावर येऊन बसतात. डब्यात गांडुळे, हातात बांबूची काठी, पिशवीत भाकरी. काठापासून थोड्या अंतरावर पाण्यातून बाभळीचे काळे शेंडे डोकावत असतात. मुलगा हौसेने गळ भिरकावतो, तो थेट त्या शेंड्यांमध्ये. दोन मिनिटांनी दोरा ताणला जातो. ‘‘बाबा, लागला, लागला!’’ असे तो ओरडतो. बाप धावत येऊन काठी ओढतो, पण मासा नसतोच. गळ फांदीत रुतलेला असतो. आणखी एक हिसडा, आणि कट्‌कन दोरा तुटतो. सकाळी आठ वाजेपर्यंत पाकिटातले सगळे गळ असेच संपतात आणि दोघे रिकाम्या हाताने घरी परततात.

गळ टाकण्याचा नाद असलेल्या प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी आलेला असतो. मग काही जण झुडपे टाळून मोकळ्या पाण्यात बसतात. तिथे गळ अडकत नाही हे खरे, पण मासाही लागत नाही. जाणकार मच्छीमार मात्र त्याच झुडपांजवळ बसतो आणि दुपारपर्यंत दोन-तीन मरळी घेऊन घरी जातो. त्याच्यापाशी परदेशी साहित्य नसते. फरक असतो तो आमिष लावण्यात आणि सोडण्यात.

पाण्याखालचे रान

आपल्याकडच्या धरणांमध्ये ही झुडपे येतात कुठून? भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. गोदावरीवरचे पैठणचे जायकवाडी त्याआधी, १९७६ मध्ये. अशा मोठ्या जलाशयांखाली गावे गेली, शेते गेली, बांधावरची झाडे आणि विहिरीही गेल्या. त्यातले कित्येक अवशेष आजही पाण्याखाली आहेत. उन्हाळ्यात उजनीचे पाणी खूप खाली गेले, की पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि ते पाहायला लोक गर्दी करतात.

पण मासे धरणारी झुडपे बहुतेक वेळा दरवर्षी नव्याने बुडतात. हिवाळ्यापासून पाणी ओसरू लागते, तशी काठाची जमीन उघडी पडते. तिथे शेतकरी गाळपेर करतात. पीक निघाल्यावर धसकटे जमिनीतच राहतात. पडीक जागेवर वेडी बाभूळ आणि बेशरम माजते. पावसाळ्यात धरण भरले, की हे सगळे रान पुन्हा पाण्याखाली जाते. म्हणून गळ टाकणाऱ्याने पहिली गोष्ट करायची ती उन्हाळ्यातच. पाणी उतरलेले असताना काठावरून एक चक्कर मारावी आणि झुडपे कुठे आहेत, खड्डे कुठे, विहिरी कुठे, हे नीट पाहून ठेवावे.

बुडालेल्या फांद्यांवर शेवाळ धरते. शेवाळावर बारीक किडे जगतात, किड्यांसाठी लहान मासे येतात आणि लहान माशांसाठी मोठे. शिवाय तिथे सावली मिळते, लपायला जागा मिळते. आसामातल्या बील म्हणजे सखल तलावांमध्ये तर कोळी मुद्दाम झाडांच्या फांद्या पाण्यात टाकून ठेवतात. मासे तिथे जमले, की भोवती जाळे लावून ते पकडतात. अमेरिकेत काही राज्यांमध्ये नाताळ संपल्यावर लोकांनी दिलेली नाताळची झाडे दगड बांधून तलावांच्या तळाशी सोडली जातात, तीही माशांना आसरा मिळावा म्हणूनच.

मरळीचा स्वभाव

झुडपातली खरी राणी म्हणजे मरळ. अंगाने गोल, डोके सापासारखे, काटे कमी आणि मांस घट्ट. आजारातून उठलेल्या माणसाला मरळीचे कालवण देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. तेलंगणाने तर २०१६ मध्ये मरळीला राज्याचा मासा म्हणून मान दिला. हैदराबादला मृग नक्षत्राच्या मुहूर्तावर दम्याच्या रुग्णांना औषध म्हणून जिवंत पिल्लू गिळायला देतात, तेही मरळीचेच. या औषधाला वैद्यकशास्त्राचा आधार नाही, पण मरळ लोकांच्या मनात किती घर करून आहे हे त्यावरून कळते.

मरळीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. तिला अधूनमधून पाण्यावर येऊन हवा घ्यावी लागते. त्यामुळे ती खोल तळाशी फारशी रमत नाही. काठालगतच्या उथळ, झाडीच्या पाण्यात ती स्थिर राहते आणि जवळून जाणाऱ्या भक्ष्यावर एकदम झडप घालते. मेलेल्या आमिषापेक्षा हलणारे आमिष तिला अधिक भुलवते. आणि अडचण तिथेच आहे. जिवंत आमिष स्वस्थ बसत नाही. लहान मासा घाबरून फांद्यांमध्ये शिरतो, दोन-चार वेढे घेतो आणि गळ असा गुंततो की सुटता सुटत नाही.

आमिष लावण्याची रीत

यावर उपाय आहेत, आणि सगळे घरच्या घरी करता येण्यासारखे आहेत.

गळ : तीन टोकांचा गळ झुडपात मुळीच वापरू नये. एकेरी, लांब दांड्याचा गळ घ्यावा. मासे लहान असतील तर तो बारीक तारेचा असावा आणि दोरा मात्र त्याहून मजबूत. असा गळ फांदीत रुतला तरी सावकाश ओढल्यावर सरळ होऊन सुटतो. तो पकडीने पुन्हा वाकवला की कामाला तयार. मोठ्या मरळीसाठी मात्र बारीक तार चालत नाही, ती मासाच सरळ करील. तिथे जाड तारेचा गळ घेऊन त्याला आडोसा करावा.

आडोसा : जाड, ताठ नायलॉनचा किंवा बारीक पोलादी तारेचा तुकडा गळाच्या डोळ्यापाशी दोऱ्याने घट्ट बांधावा आणि त्याचे दुसरे टोक गळाच्या अणीच्या किंचित पुढे येईल असे वाकवावे. फांदी या तारेवरून घसरून जाते. मासा तोंडात घेतो तेव्हा तार दबते आणि अणी मोकळी होते. तार फार ताठ झाली तर मासा लागत नाही. बोटाने हलकेच दाबून पाहावे, सहज दबली तर ठीक.

आमिष : बोटभर लांबीचा मासा असेल तर गळ खालच्या ओठातून घालून वरच्या ओठातून बाहेर काढावा. अणी वर राहते आणि आमिष वर उचलताना डोक्याकडून येते, त्यामुळे पर फांद्यांना अडकत नाहीत. पाठीत गळ घातला तर मासा आडवा होऊन वर येतो आणि हमखास अडकतो. गांडूळ लावताना गळाची अणी गांडुळाच्या अंगातच लपलेली राहू द्यावी आणि खाली जेमतेम दोन बोटे शेपूट मोकळे सोडावे. लांब लोंबणारे गांडूळ काड्यांभोवती गुंडाळले जाते.

वजन : वजन आमिषापासून फार तर वीतभर अंतरावर असावे. हे अंतर जितके कमी, तितके आमिषाला फिरायला रान कमी आणि गुंताही कमी. वजन गोल नसावे, लांबट असावे, म्हणजे ते काड्यांच्या फटीतून निसटते. आणखी एक युक्ती म्हणजे वजन गळाच्याही खाली, कच्च्या सुती दोऱ्याने बांधायचे. वजन अडकले तर कच्चा दोरा तुटतो आणि गळ, आमिष, प्रसंगी मासाही हाती राहतो. शिसे विषारी असते. पाण्यात राहिलेले शिशाचे गोळे राजहंस गिळत आणि मरत, म्हणून ब्रिटनने १९८७ मध्येच गळाच्या बहुतेक शिशाच्या वजनांची विक्री बंद केली. आपणही शिशाऐवजी लोखंडी नट किंवा लांबट खडा का वापरू नये?

बूच : तरंगणारे बूच हे झुडपातले सर्वात मोठे हत्यार. आधी गळ न लावता नुसते वजन सोडून झुडूप किती खोलीवर आहे ते पाहावे. मग आमिष त्या शेंड्यांच्या हातभर वर टांगले जाईल अशा बेताने बूच बांधावे. आमिष झुडपाच्या आत असण्याची गरज नसते. मरळ खाली दबा धरून असते आणि वरचे भक्ष्य टिपायला ती आपणहून वर येते.

भिरकावू नका, टांगा

लांब भिरकावून मग ओढत आणणे ही मोकळ्या पाण्यातली रीत. झुडपात ती चालत नाही, कारण ओढलेला गळ वाटेतल्या प्रत्येक काडीला विचारत विचारत येतो! इथे बारा-पंधरा फुटांचा बांबू बरा. झाडीतल्या मोकळ्या फटीवर टोक धरून आमिष सरळ खाली सोडावे आणि तसेच सरळ वर उचलावे. आमिष गेले त्याच वाटेने परत आले, तर अडकण्याचा प्रश्नच फारसा येत नाही.

बूच बुडाले, की मोकळ्या पाण्यात थोडे थांबण्याची सवय असते. मासा आमिष नीट गिळू दे, असा विचार असतो. झुडपात तेवढा वेळ नसतो. मरळ आमिष घेऊन आत वळण्यापूर्वीच काठी वर उचलावी. एखादी निसटेल, पण जी लागेल ती ओठात लागेल. लहान असेल तर तिला इजा न होता परत सोडताही येते.

आणि एवढे करूनही गळ अडकलाच तर? हिसडा देऊ नये. हिसड्याने अणी लाकडात आणखी रुतते. दोरा सैल सोडावा, काठीचे टोक हलकेच थरथरवावे. बऱ्याचदा वजनाच्या भाराने गळ आपोआप मागे येतो. नाही आला तर बाजूला सरकून उलट्या दिशेने ओढावे. एखादे जड लोखंडी कडे वेगळ्या दोरीला बांधून गळाच्या दोऱ्यावरून खाली घसरवले, तर त्याच्या ठोक्यानेही गळ सुटतो. दोरा तोडायचीच वेळ आली, तर तो हाताला कधीही गुंडाळू नये. नायलॉन बोट कापते. काठीच्या तुकड्याला वेढे देऊन, तोंड फिरवून सावकाश ओढावे. सुटलेला गळ आणि वजन गोळीसारखे उलटे येते आणि त्याने डोळा जाऊ शकतो.

गळासाठी पाण्यात उतरू नका

इथे एक गोष्ट प्रत्येक आई-वडिलांनी मुलांना बजावून सांगायला हवी. अडकलेला गळ सोडवण्यासाठी पाण्यात उतरायचे नाही. वरून कमरेएवढे वाटणारे पाणी फसवे असते. खाली गाळ असतो, त्यात पाय रुततो. काटेरी फांद्यांत कपडे अडकतात. आणि गावाबरोबर बुडालेल्या विहिरी तिथेच असतात, ज्यांचा काठ वरून दिसत नाही. चांगला पोहणाराही अशा ठिकाणी हतबल होतो. गळ किरकोळ किमतीचा, पोर लाखमोलाचे. म्हणूनच न अडकणारा गळ बांधायला शिकणे ही नुसती पैशांची बचत नाही. गळ अडकलाच नाही, तर पाण्यात उतरण्याचा मोहही होणार नाही.

तुटून राहिलेला दोराही निरुपद्रवी नसतो. नायलॉनचा तंगूस कुजत नाही, वर्षानुवर्षे तसाच राहतो. बगळे, पाणकावळे झुडपांवर बसायला येतात आणि त्यांचे पाय, पंख त्यात गुंततात. काठावर सापडलेले तुटके दोरे गोळा करून घरी आणणे हे काम मुले आनंदाने करतात.

जिवंत आमिषाचेही काही नियम पाळावेत. बेडूक वापरू नयेत, डास आणि पिकांवरचे किडे खाणारा हा शेतकऱ्याचा मित्र आहे. लहान मासे त्याच पाण्यातले घ्यावेत आणि उरलेले दुसऱ्या तळ्यात सोडू नयेत. १९५२ मध्ये भारतात आणलेला चिलापी मासा आज कुठे नाही? आफ्रिकन मांगूर इतका खादाड निघाला की केंद्र सरकारला २००० मध्ये त्याच्या पालनावर बंदी घालावी लागली. बादलीतून सोडलेला एक मासाही तळ्याचे चित्र बदलू शकतो.

पावसाळ्यात झुडपांजवळ लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर उकळल्यासारखा दिसला, तर तिथे गळ टाकू नये. खाली मरळीची जोडी पिल्लांवर पहारा देत असते आणि जवळ आलेल्या कशावरही तुटून पडते. तेव्हा तिला पकडणे अगदी सोपे असते. पण पहारेकरी गेला, की शेकडो पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. एका कालवणापायी पुढच्या कित्येक वर्षांच्या मरळी घालवण्यात कसले शहाणपण?

शिवाय, बहुतेक धरणांमध्ये मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. त्यांचे पोट त्या पाण्यावर चालते. म्हणून आधी परवानगी घ्यावी. त्या निमित्ताने एखाद्या जुन्या मच्छीमाराशी ओळख झाली, तर पाण्याखालच्या विहिरी कुठे आणि मरळीचे झुडूप कोणते, हे त्याच्याइतके नेमके दुसरे कोणीच सांगू शकणार नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर सगळे विचारतात, ‘‘किती मासे मिळाले?’’ त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही : किती गळ घेऊन गेला होतात आणि किती परत आणले? दोन्ही आकडे सारखे असतील, तर मुलगा खरोखर गळ टाकायला शिकला असे समजावे. मरळ आज नाही तर पुढच्या रविवारी मिळेलच!