कात टाकलेल्या कोळ्याची शुश्रूषा

एखाद्याने जुने सोडून नवे रूप धारण केले की त्याने ‘कात टाकली’ असे आपण सहज म्हणतो. परंतु कात टाकणे हे किती जिवावरचे काम आहे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. सापाची कात शेताच्या बांधावर आपण पाहिलेली असते. आम्ही कोकणी भाषिक जिला कुर्ली म्हणतो ती खेकड्याची जातही कवच टाकून काही काळ मऊ होते. या क्रियेतील संकट नीट समजून घ्यावयाचे असेल, तर टॅरँटुला या मोठ्या, केसाळ कोळ्याकडे पाहावे.

हा प्राणी वाटतो तितका परका नाही. आपल्या सह्याद्रीत मातीच्या दरडींत बीळ करून राहणाऱ्या ‘थ्रिग्मोपीअस’ या प्रजातीचे वर्णन पोकॉक या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८९९ साली केले. परदेशांत अनेक लोक असे कोळी हौसेने पाळतात, आणि त्यांच्या अनुभवातून या शुश्रूषेचे ज्ञान पुष्कळ वाढले आहे.

कोळ्याला हाडे नसतात. अंगावरील कठीण कवच हाच त्याचा सांगाडा. ते वाढत नाही, म्हणून वाढत्या कोळ्याला ते टाकावे लागते. त्यापूर्वी तो अन्न सोडतो, रेशमी धाग्यांची गादी विणतो आणि तिच्यावर उताणा पडतो. नवख्यास वाटते, कोळी मेला! वस्तुतः मरणासन्न कोळी बहुधा उताणा नसतो. त्याचे पाय पोटाखाली आखडलेले असतात. कोळी पाय लांबवितो तो मुख्यतः शरीरातील रक्तद्रवाच्या दाबाने. पाणी कमी पडले की हा दाब उतरतो आणि पाय आखडतात. जुन्या कवचातून पाय बाहेर काढण्यासही हाच दाब लागतो. म्हणून अशक्त किंवा पाण्यावाचून राहिलेल्या कोळ्याचा एखादा पाय कवचात अडकून पडतो.

अशा वेळी कवच ओढून काढण्याचा मोह आवरावा. नवी त्वचा इतकी नाजूक असते की ती फाटून रक्तद्रव वाहू लागतो. मऊ कुंचल्याने अडकलेला भाग तेवढा साध्या पाण्याने ओलसर करावा आणि वाट पाहावी. पाय सुटलाच नाही, तर पुष्कळदा कोळी स्वतःच तो सांध्यापासून टाकून देतो. ही हानी कायमची नव्हे. पुढील कातीच्या वेळी तेथे नवा, प्रथम काहीसा लहान, पाय येतो. मात्र पूर्ण वाढलेला नर सहसा पुन्हा कात टाकीत नाही, त्यास ही संधी नसते. कातीबरोबर जठराचे आतील अस्तरही बाहेर पडावे लागते. ते अडकल्यास कोळी खाऊ शकत नाही, आणि तेथे माणसाचा इलाज बहुधा चालत नाही.

संकट टळल्यावरही घाई करू नये. नव्या कोळ्याचे दात प्रथम पांढरे असतात, मग तांबूस होतात आणि शेवटी काळे पडतात. ते काळे होईपर्यंत खाद्य देऊ नये. मोठ्या कोळ्याच्या बाबतीत यास दोन आठवडेही लागतात. पिंजऱ्यात जिवंत रातकिडा राहू देऊ नये. एरवी जो भक्ष्य, तोच आता मऊ पडलेल्या कोळ्यास चावून मारू शकतो. उथळ बशीत स्वच्छ पाणी मात्र नेहमी असावे. कोळ्यास हातात घेऊ नये, जागा बदलू नये. दातांस इजा झाली असेल, तर ठेचलेला किडा तोंडाजवळ ठेवून पाहावा.

येथे सेवा म्हणजे पुष्कळ काही करणे नव्हे. पाणी ठेवून, शांतता राखून दूर बसणे होय. हे संयमाचे काम आहे.

आमच्या विद्यार्थ्यांनी मात्र रानातील कोळी उकरून घरी आणू नयेत. झाडांवर राहणाऱ्या पोसिलोथेरिया या भारत व श्रीलंकेतील कोळ्यांचा व्यापार इतका वाढला की २०१९ साली त्यावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आणावे लागले. सहलीत एखाद्या दरडीतील बिळाच्या तोंडाशी आठ पायांची पोकळ कात पडलेली दिसली, तर ती अवश्य निरखावी. पण बिळात काडी घालू नये. आतील जीव कदाचित अजून मऊ असेल.