सदाफुलीचे औषध आणि मेंदूचा पहारा

लहान मुलांच्या मेंदूत होणाऱ्या कर्करोगांपैकी सर्वाधिक आढळणारी आक्रमक गाठ म्हणजे मेड्युलोब्लास्टोमा. शरीराचा तोल सांभाळणाऱ्या अनुमस्तिष्कात, म्हणजेच लहान मेंदूत, ती उगम पावते आणि मेंदूभोवतीच्या द्रवातून पाठीच्या कण्यापर्यंत पसरू शकते. म्हणूनच शस्त्रक्रियेने गाठ काढल्यावरही उरलेल्या पेशींसाठी किरणोपचार आणि केमोथेरपी, म्हणजे वेगाने विभागणाऱ्या पेशींना मारणारी औषधे, यांची गरज भासते. ३ वर्षांखालील बालकांच्या वाढत्या मेंदूला किरणांनी कायमची इजा होण्याचा धोका असल्याने, त्यांच्याबाबत केमोथेरपीच्या आधारे किरणोपचार लांबवण्याचा किंवा टाळण्याचा प्रयत्न केला जातो.

मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंतींच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असल्याने विषारी द्रव्यांप्रमाणेच अनेक औषधेही आत शिरू शकत नाहीत. या पहाऱ्याला रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. केमोथेरपीच्या औषधांपैकी मेदात विरघळणारे लोमुस्टिन तो सहज ओलांडते. सिस्प्लॅटिन पेशींच्या डीएनएवर घाव घालते, मात्र त्याने श्रवणशक्ती घटू शकत असल्याने मुलांच्या कानांची तपासणी वारंवार करावी लागते. तर अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन पेशींचे विभाजनच रोखते.

सकाळी उठताच डोके दुखणे, उलट्या होणे आणि चालताना तोल जाणे ही लक्षणे मुलात वारंवार दिसल्यास पालकांनी ती पित्तावर न ढकलता तत्काळ डॉक्टरांना दाखवावीत.