मूठ आवळली की सूर चढतो

कोपरापुढच्या हातावर दोन इलेक्ट्रोड चिकटवायचे, तिसरा कोपराच्या हाडावर, आणि मूठ आवळायची. स्पीकरमधून गोल, सपाट सूर निघतो. हलकी मूठ म्हणजे ४४० हर्ट्झ. करकचून आवळली की ८८०, थेट वरचं सप्तक. आत मात्र आकड्यांचा गोंधळ.

स्नायूपेशीच्या पडद्याच्या दोन बाजूंत फरक असतो ८०-९० मिलिव्होल्टचा. क्षुल्लकच. पण पडद्याची जाडी ७-८ नॅनोमीटर! भागाकार केला की मीटरमागे १ कोटीहून जास्त व्होल्ट. हवेत ठिणगी पडायला मीटरमागे ३० लाख पुरतात. आणि हे आपण खाटेवर लोळत असतानाही चालूच असतं.

मूठ आवळली की स्नायूत उठणाऱ्या संदेशातलं त्वचेपर्यंत पोचताना उरतं जेमतेम मिलिव्होल्टभर. सॉकेटमधले २३० व्होल्ट त्याच्या २ लाख ३० हजार पट. त्यात भिंतीतल्या वायरींची ५० हर्ट्झची गुणगुण अंगात शिरते, आणि स्नायूचा संदेशही २० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यातलाच. मग वजाबाकी कामी येते: गुणगुण दोन्ही इलेक्ट्रोडवर सारखीच, म्हणून उणे होते, स्नायूचा संदेश दोन्हीकडे वेगळा, म्हणून उरतो. चांगला अ‍ॅम्प्लिफायर ही सामाईक गुणगुण लाखपट दाबतो. उरलेलं हजारपट वाढवावं लागतं, नाहीतर संदेश मोजणाऱ्या अर्डुइनो या छोट्या बोर्डाला काही दिसतच नाही. त्याच्या ५ व्होल्टच्या मोजपट्टीची एकेक पायरीच ५ मिलिव्होल्टची.

एवढ्या खटाटोपानंतर हाती येते ती निव्वळ खरखर, कारण हजारो तंतू आपापल्या वेळी पेटतात. म्हणून तिचा फक्त जोर मोजायचा आणि त्यावरून सुराची उंची ठरवायची. सुराची साइन लहर संगणकच आखतो, सेकंदाला ४४,१०० ठिपक्यांनी. दिवसभर वाजवली तर ३८१ कोटी ठिपके. (दिवसभर मूठ कोण आवळून धरणार, ते सोडा.)

स्टॅनफर्डमध्ये ह्यू लस्टेड आणि बेंजामिन नॅप यांनी बायोम्यूज नावाचं असंच यंत्र घडवलं आणि संगीतकार अताउ तानाका १९९०च्या दशकापासून त्यावर मैफली करू लागले. माझ्या मते खरी कसोटी तिथे, रंगमंचावर. जोराची सरासरी सेकंदाच्या दहाव्या भागावर काढली तर सूर स्थिर राहतो, पण तेवढ्यात ४,४१० ठिपके वाजून गेलेले असतात आणि हात सुराच्या पुढे निघून जातो. हा अवधी कमी केला की सूर डळमळतो.